‘संशय न धरता’ की ‘भेद न ठेवता’?

प्रश्न असा: बायबलच्या नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या दहाव्या अध्यायात पवित्र आत्मा येशूचा शिष्य पेत्र याला संशय न धरता जायला सांगतो. पंधराव्यात पेत्र म्हणतो, देवाने त्यांच्यात (यहुदी नसलेल्यांत) नि आपल्यात भेद ठेवला नाही. दोन्हीकडे मूळ ग्रीक शब्द एकच आहे का? आणि ‘डिसर्नमेंट’ला, म्हणजे देवाची इच्छा पारखून ओळखण्याला, मराठीत ‘विवेक’ म्हणावे का?

हो, शब्द एकच. ‘दियाक्रिनो’. त्यातल्या ‘क्रिनो’चा मूळ अर्थ वेगळे करणे, निवडणे. आपण सुपात तांदूळ घेऊन खडे बाजूला काढतो ते निवडणे, आणि पंच करतात तो निवाडाही त्याच ‘निवडणे’तून आलेला. ग्रीक शब्दही याच वाटेने गेला. शिवाय ग्रीकमध्ये संस्कृतच्या आत्मनेपदासारखे एक क्रियारूप आहे. त्या रूपात ही फाळणी करणाऱ्याच्या स्वतःच्या मनात होते, म्हणजे संशय. किंवा माणसामाणसांत होते, म्हणजे हुज्जत.

आता प्रसंग पाहा. यापो गावी, समुद्राकाठी, कातडी कमावणाऱ्या शिमोनाच्या घराच्या धाब्यावर पेत्र भरदुपारी प्रार्थनेला चढला आहे. भूक लागलेली. दृष्टान्तात एक मोठी चादर उतरते, तिच्यात यहुदी नियमाने निषिद्ध असलेले प्राणी. ‘मारून खा’ असा आवाज येतो. असे तीनदा होते. अर्थ लागत नाही तोच कर्नेल्याची माणसे दाराशी येतात. कर्नेल्य म्हणजे कैसरियातला रोमी शताधिपती, स्वतःही नित्य प्रार्थना करणारा, पण यहुदी नव्हे. इथे आत्मा म्हणतो, ‘दियाक्रिनो’ न करता जा (१०:२०). पेत्र जातो, त्या घरात बाप्तिस्मा होतो. यरुशलेमेत परतल्यावर सुंता झालेले, म्हणजे यहुदी असलेले, विश्वासणारे त्याच्याशी हुज्जत घालतात (११:२), तिथेही हेच क्रियापद! त्यांना हकिगत सांगताना पेत्र पुन्हा तोच शब्द वापरतो (११:१२), मात्र जुन्या हस्तलिखितांत तिथे साधे, परस्मैपदी रूप आहे: भेद न करता. आणि यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांनी सुंता करावी का, हे ठरवायला भरलेल्या यरुशलेमेच्या सभेत, साधारण इ. स. ४९च्या सुमारास, तो हाच शब्द देवाला लावतो (१५:९).

म्हणजे धाब्यावर जो पेत्राच्या मनातला संशय होता, तोच बाहेर लोकांमधला भेद होता. भाषांतरात दोन शब्द आले की हा धागा तुटतो, याची मला फार हळहळ वाटते. मराठीत तो जोडणारा शब्द आहे, ‘दुजाभाव’. ‘मनात दुजाभाव न आणता जा’ म्हटले की मनाची दोन टोकेही आली आणि समोरच्याला परका मानणेही आले. (मराठी बायबलात या लोकांना ‘परराष्ट्रीय’ म्हटले आहे; तो शब्द परदेशी या अर्थाने घेऊ नका, ग्रीक ‘एथ्ने’ म्हणजे इतर लोक, यहुदी नसलेले.)

‘विवेक’ चालेल, उत्तम चालेल. तोही ‘वि + विच्’, वेगळे करणे, यातूनच आला. प्रेषित पौल आत्म्यांच्या ‘दियाक्रिसिस’बद्दल (‘दियाक्रिनो’चेच नाम) लिहितो तिथे मी ‘पारख’ म्हणेन. पण यरुशलेमेत जे घडले त्याला एकट्याचा विवेक पुरेसा नाही. तिथे बराच वाद झाला, पेत्र बोलला, पौल व त्याचा सोबती बर्णबा यांनी परराष्ट्रीयांत घडलेले सांगितले, यरुशलेमेतल्या मंडळीचा पुढारी याकोब याने आमोस संदेष्ट्याचे वचन ताडून पाहिले, मग सुंतेची अट न घालता चारच गोष्टी वर्ज्य करायला सांगितल्या. याला मी ‘प्रार्थनापूर्वक निवाडा’ म्हणतो.

हा निर्णय कळवायला सभेने पाठवलेल्या पत्रातले क्रियापदही पाहण्यासारखे आहे: ‘एदोक्सेन’, योग्य वाटले. अथेन्सच्या शिलालेखांत ठरावांची सुरुवात याच शब्दाने होते: सभेला आणि जनतेला योग्य वाटले. यरुशलेमेच्या पत्रात ते असे आले आहे: पवित्र आत्म्याला आणि आम्हांला योग्य वाटले.