दुपारी लाल दिवा लागत असेल, तर प्लॅन बदलण्याआधी प्रकाशाचा आकडा मागा

नमस्कार. जुळे सोलापुरातल्या तुमच्या फायबर जोडणीविषयी तुम्ही लिहिलेले वाचले. प्लॅन १०० एमबीपीएसचा आहे, सकाळी वेग पूर्ण मिळतो, दुपारी एक-दोन वाजता डब्यावरचा एलओएसचा (लॉस ऑफ सिग्नल, म्हणजे प्रकाश नीट पोहोचत नसल्याचा) लाल दिवा लुकलुकू लागतो आणि संध्याकाळी सगळे पूर्ववत होते. तंत्रज्ञ दोनदा येऊन ॲडाप्टर बदलून गेला, आणि आता कार्यालयातून ३०० एमबीपीएसचा प्लॅन घेण्याचा सल्ला मिळाला आहे. तो घ्यावा, की फायबर काढून ५जीचा वायरविना डबा बसवावा, असे तुम्ही विचारले आहे. विजापूर रोडवरच्या माझ्या घरी एका उन्हाळ्यात मार्च ते जून मी नेमके हेच सोसले आहे, म्हणून सविस्तर लिहीत आहे. मी दूरसंचार अभियंता नाही. टॉवेल आणि चादरींची जॅकार्ड डिझाइन करणे हा माझा व्यवसाय आहे. तेव्हा हे अनुभवाचे बोल समजावेत आणि तुमच्या जागेची परिस्थिती वेगळी असू शकते हे ध्यानात ठेवावे.

राउटर बंद-चालू करणे, वायफायऐवजी लॅन केबल लावून वेग तपासणे, हे सर्व तुम्ही केलेच असेल असे मी धरून चालते. माझे पहिले आणि ठाम मत असे की प्लॅन वाढवू नका. प्लॅनचा वेग हा कंपनीने तुमच्या खात्यावर घातलेला आकडा असतो; तुमच्या घरापर्यंत प्रकाश किती पोहोचतो याच्याशी त्याचा काही संबंध नाही. लाल दिवा सांगतो तो प्रकाशाविषयी. मी मात्र तेव्हा हा फरक जाणत नव्हते. कार्यालयातल्या सल्ल्यावरून मी मोठ्या प्लॅनचे वर्षाचे पैसे एकदम भरले, नवा राउटरही घेतला, आणि दुसऱ्याच दुपारी पुन्हा लाल दिवा पाहिला.

पैसे गेले त्याहूनही मोठे नुकसान माझ्या दुसऱ्या एका चुकीने झाले, आणि तुम्ही ती करू नये यासाठीच हे उत्तर लिहायला बसले. प्रत्येक वेळी तंत्रज्ञ संध्याकाळी यायचा, तेव्हा दिवा हिरवा असायचा. तो वेगचाचणी दाखवायचा, आकडा पूर्ण यायचा, आणि मग म्हणायचा, “मॅडम, ओटीपी आला असेल बघा, तेवढा सांगा.” मी सांगायचे. त्या ओटीपीबरोबर तक्रार “निवारण झाली” अशी नोंद होऊन बंद व्हायची. दुसऱ्या दिवशी नवी तक्रार, नवा क्रमांक, आणि फोनवर पुन्हा पहिल्यापासून सगळी कहाणी. असे सात वेळा झाले. आठव्या वेळी मी कागद घेऊन स्वतः कार्यालयात गेले, तेव्हा समोरच्या व्यक्तीने संगणकावर पाहून शांतपणे सांगितले की तुमच्या सातही तक्रारी मुदतीत सुटलेल्या आहेत आणि ग्राहकाने तशी संमतीही दिलेली आहे. ते खोटे नव्हते. ती संमती मीच सात वेळा दिली होती. माझ्याकडे दाखवायला काहीच नव्हते. दुपारचा एकही आकडा मी लिहून ठेवलेला नव्हता. त्याच आठवड्यात एका खरेदीदाराबरोबरच्या व्हिडिओ बैठकीतून मी तीनदा बाहेर पडले आणि ते काम दुसऱ्या डिझायनरकडे गेले. त्या कार्यालयाचे नाव मी येथे लिहिणार नाही, कारण कंपनी बदलली तरी ही पद्धत बदलेल असे मला वाटत नाही. पण इतके म्हणेन की ग्राहक ज्या वेळी त्रास सांगतो त्या वेळी माणूस न पाठवता, त्रास नसतो त्या वेळी पाठवून सही घेणे, याला सेवा म्हणता येत नाही.

आता आकड्याविषयी. घरातल्या डब्यापर्यंत, म्हणजे ओएनटीपर्यंत, येणारा प्रकाश डीबीएम या एककात मोजतात आणि तो उणे चिन्हाने लिहितात; उण्यापुढचा आकडा जितका मोठा तितका प्रकाश कमी. तंत्रज्ञ त्याला नुसते “पॉवर” म्हणतात. आपल्याकडे घरोघरी बहुधा जीपॉन पद्धतीची जोडणी असते. तिच्यात कंपनीच्या बाजूने १४९० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश येतो आणि आपल्याकडून १३१० नॅनोमीटरचा जातो. एकच धागा वाटेत स्प्लिटरने ३२ किंवा ६४ घरांत वाटला जात असल्याने प्रकाशाचा मोठा भाग तिथेच खर्च होतो, आणि उरलेल्यात प्रत्येक सैल सांधा व प्रत्येक तीव्र वळण आणखी घट करते. दर ३ डीबी (डेसिबल) घटीला प्रकाश निम्मा होतो. उणे १५ ते उणे २५ या पट्ट्यात आकडा असेल तर निश्चिंत असावे. सर्वसाधारण ओएनटीची मर्यादा उणे २७च्या आसपास असते. फायबर कमी प्रकाशात हळूहळू मंदावत नाही. मर्यादेच्या आत असेतोवर पूर्ण वेग देते आणि ती ओलांडली की चुका वाढून जोडणीच तुटते. त्यामुळे सकाळची उत्तम वेगचाचणी ही काठावर उभ्या असलेल्या जोडणीचीही असू शकते. पुढे मोजला तेव्हा माझा सकाळचा आकडा उणे २६ होता आणि दुपारचा उणे २८.४. सात तक्रारींत हे कोणी मोजले नाही आणि मीही मोजायला सांगितले नाही.

हा आकडा बऱ्याच डब्यांच्या पानावर दिसतो. डब्याच्या तळाशी चिकटवलेल्या चिठ्ठीवर पत्ता आणि पासवर्ड असतो. तो ब्राउझरमध्ये घालून ऑप्टिकल माहितीचे पान उघडावे आणि “आरएक्स पॉवर” (येणारा प्रकाश) शोधावे. कंपनीने ते पान बंद ठेवले असेल, तर तंत्रज्ञाला पॉवर मीटर १४९० वर लावून तुमच्यासमोर मोजायला सांगावे. फायबरच्या टोकात डोळा लावून मात्र कधीही पाहू नये. तो प्रकाश दिसत नाही, तरी डोळ्याला अपाय करू शकतो.

माझ्याकडचा दोष अखेर एका ज्येष्ठ जॉइंटरने, म्हणजे केबलचे सांधे जोडणाऱ्या कारागिराने, शोधला. ते दुपारी तीनलाच आले, कारण मी त्या वेळेशिवाय कोणाला घरात घेणार नाही असे लेखी कळवले होते. खांबावरच्या डब्याचे झाकण तारेने बांधलेले होते, आत धूळ होती, आणि माझा धागा झाकणाखाली दुमडून फास्ट कनेक्टरने, म्हणजे काच न वितळवता नुसत्या दाबून बसवलेल्या जोडाने, जोडलेला होता. त्यांनी सांगितलेले कारण मला पटले: उन्हात डब्याचे प्लास्टिक आणि केबलचे आवरण प्रसरण पावते, काच जवळजवळ पावत नाही, आणि सैल सांध्यातला धागा किंचित सरकतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२च्या वर जाणाऱ्या आपल्या गावात पश्चिमेच्या उन्हातल्या खांबावर दुसरे काय होणार? त्यांनी केबल खाली ओढून घेतली आणि आमच्या फाटकापाशी प्लास्टिकच्या स्टुलावर स्प्लायसिंग मशीन, म्हणजे काचेची दोन टोके वितळवून जोडणारे यंत्र, मांडले. धाग्याचे आवरण सोलले, स्पिरिटच्या फडक्याने काच पुसली, टोक सरळ कापले. ती काच १२५ मायक्रॉन जाडीची, साधारण केसाएवढी, आणि प्रकाश जातो तो तिच्या मधल्या जेमतेम ९ मायक्रॉनच्या गाभ्यातून. छोट्या पडद्यावर दोन्ही टोके दोन जाड तुळयांसारखी समोरासमोर दिसत होती. ठिणगी पडली आणि मधली रेघ नाहीशी झाली. घट ०.०२ डीबी दाखवली. वर घरात येऊन ओएनटीपाशी मोजले तर उणे २१.३. म्हणजे त्याआधी दुपारी पाचपट कमी प्रकाशावर मी तीन महिने काम करत होते. त्यानंतर आजतागायत लाल दिवा लागलेला नाही.

म्हणून तुम्ही पुढचे चार दिवस सकाळी नऊ आणि दुपारी तीन या वेळांचे आकडे तारखेसह लिहून, पडद्याचे छायाचित्र काढून ठेवावेत. तक्रार करताना “नेट हळू आहे” असे न म्हणता “दुपारी तीन वाजता पॉवर इतकी येते, खांबावरचा सांधा तपासून स्प्लायसिंग करून द्यावे” असे म्हणावे. ओटीपी दुसऱ्या दिवशीची दुपार उलटेपर्यंत देऊ नये. तंत्रज्ञावर रागावू नये. तक्रारी बंद करण्याचा ताण त्याच्यावर वरून असतो आणि स्प्लायसिंग मशीन बहुधा त्याच्या हाती नसतेच. तरीही काम झाले नाही, तर तक्रार क्रमांक घेऊन त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे विलंब न करता जावे. ट्रायच्या (दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या) २०१२च्या नियमांनुसार ही दुसरी पायरी कंपन्यांना ठेवावी लागते, अपिलास शुल्क नाही, आणि ३९ दिवसांत निर्णय द्यावा लागतो. ट्राय स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, म्हणून थेट तिकडे पत्रे पाठवण्यात वेळ घालवू नये. मी तोही घालवला आहे.

५जीच्या डब्याविषयी माझे मत कदाचित सर्वांना पटणार नाही. पर्यायी जोडणी म्हणून तो चांगला आहे, आणि जिथे केबल नेताच येत नाही तिथे उपयोगीही आहे. पण टॉवरची क्षमता परिसरातल्या सर्व मोबाइलांत वाटली जाते, आणि त्या टॉवरलाही भरपूर वेग द्यायचा तर फायबरच लागते. घरात काच आलेली असताना ती काढून टाकणे मला योग्य वाटत नाही. जीपॉनमध्ये एका धाग्यावर सर्व घरांत मिळून सुमारे २.५ जीबीपीएस उतरतात. पुढच्या एक्सजीएस-पॉनमध्ये दोन्ही दिशांना १० जीबीपीएस मिळतात, आणि तेही याच काचेवर, केवळ दोन टोकांची यंत्रे बदलून. मात्र त्यात येणारा प्रकाश १५७७ नॅनोमीटरचा असतो, आणि तरंगलांबी जितकी मोठी तितकी वळणावरची गळती जास्त. आज कसाबसा चालणारा दुमडलेला धागा उद्याच्या वेगाला आणखी नडेल. म्हणून सांधा आत्ताच नीट करून घ्यावा. घरातही केबल खिळ्याने ठोकू नये, कपाटामागे दाबू नये, आणि ३० मिलिमीटरपेक्षा लहान त्रिज्येचे वळण देऊ नये. हिरव्या टोकाचा कनेक्टर निळ्या कपलरमध्ये (दोन टोके जोडणाऱ्या तुकड्यात) घुसवला आहे का तेही पाहावे; हिरव्याचे टोक ८ अंशांत तिरके घासलेले असते आणि निळ्याशी ते जुळत नाही.

आणखी एक, लाल दिवा अचानक लागून तसाच राहिला तर आधी गल्लीत कुठे खोदकाम चालू आहे का ते पाहावे. आपल्याकडे जलवाहिनी आणि ड्रेनेजसाठी रस्ते वारंवार उकरले जातात, आणि खोदण्याआधी केबलमालकांना कळवण्यासाठी केंद्राने मार्च २०२३मध्ये “कॉल बिफोर यू डिग” हे ॲप काढले असूनही जेसीबीच्या दातात केबल आलेली मी दोनदा पाहिली आहे. त्याचा तुमच्या दुपारच्या त्रासाशी संबंध दिसत नाही, कारण तुटलेली केबल संध्याकाळी आपोआप जुळत नाही.

तुमचे दुपारचे आकडे मिळाले की येथेच लिहा. ते उणे २५च्या आत आले, तर माझा अंदाज चुकला असे समजून आपण वेगळ्या दिशेने शोधू; प्लॅनचे पैसे तोवर भरू नका.