माध्यम सुधारणेसाठी काम करणाऱ्या संस्थेत इंटर्नशिप करावी का? तिथे नेमकं काय करायला लावतात?

तुम्ही लिहिलंय की एमए पत्रकारितेच्या पहिल्या वर्षाला आहात, ओजेटीचे (अभ्यासक्रमातल्या प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाचे) चार क्रेडिट पूर्ण करायचेत, वर्गातले बाकी सगळे वृत्तवाहिन्यांकडे धावतायत आणि तुम्हाला मात्र माध्यमांवर लक्ष ठेवणाऱ्या एखाद्या सामाजिक संस्थेत जावंसं वाटतंय. काम काय असतं, पैसे मिळतात का आणि पुढे नोकरीला उपयोग होतो का, हे तुमचे प्रश्न.

जा. फक्त टीव्हीवर दिसायची हौस असेल तर जाऊ नका, कारण तिथे टीव्ही बघावा लागतो. तोही वहीपेन घेऊन.

मी 2019 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दिल्लीतल्या अशाच एका संस्थेत नऊ आठवडे होते. सहा माणसं, दोन खोल्या आणि उंबऱ्यापर्यंत आलेले वर्तमानपत्रांचे गठ्ठे. पहिल्याच आठवड्यात मला एका वाहिनीवरच्या चर्चेचं रेकॉर्डिंग दिलं. अँकर किती सेकंद बोलला, कोणत्या पाहुण्याला कितव्या सेकंदाला तोडलं, त्या वेळी खालच्या पट्टीवर काय लिहिलं होतं, सगळं एक्सेलमध्ये भरायचं. तासाभराच्या कार्यक्रमाला अडीच दिवस लागले. मग तक्रारीचा मसुदा मी पोटतिडकीने लिहिला, 'बेजबाबदार', 'निर्लज्ज' वगैरे शब्द घालून. आमच्या प्रमुख बाई बिहारच्या, सगळे त्यांना दीदी म्हणायचे. त्यांनी लाल पेनाने माझी विशेषणं एकेक करून खोडली आणि म्हणाल्या, "गुस्सा मत लिखो, मिनट लिखो."

ती तक्रार गेलीच नाही. बातमी वाहिन्यांच्या स्वनियमन मंडळाकडे (आता त्याला एनबीडीएसए म्हणतात) जाण्याआधी वाहिनीकडे तक्रार करावी लागते आणि तीही पहिल्या प्रसारणापासून सात दिवसांच्या आत. मी तारीख धरली होती यूट्यूबवर व्हिडिओ चढवल्याची. प्रसारण त्याच्या दोन दिवस आधीचं. सातवा दिवस उलटून गेलेला! दीदी रागावल्या नाहीत, हेच जास्त लागलं. बरं, तक्रार टिकली असती तरी मंडळ तेव्हा फार तर एक लाखाचा दंड करू शकत होतं, आणि वाहिनी सभासदच नसेल तर तोही नाही. वृत्तपत्रांवर लक्ष ठेवणाऱ्या प्रेस कौन्सिलचं याहून अवघड. 1978 च्या कायद्याने तिला ताशेरे ओढता येतात, समज देता येते, दंड करता येत नाही. दैनिकाविरुद्ध तिथे जायला दोन महिन्यांची मुदत असते आणि त्याआधी संपादकाला पत्र लिहावं लागतं. कोणत्या दारात किती दिवसांत जायचं हे एकदा अंगवळणी पडलं की टीव्हीसमोर बसून नुसत्या शिव्या घालणं आपोआप कमी होतं.

माझा खरा उपयोग झाला तो मराठीमुळे. विधानसभेची निवडणूक लागली होती, 21 ऑक्टोबरला मतदान. ऑफिसात सगळा कारभार इंग्रजी-हिंदीत आणि मराठी दैनिकं वाचू शकणारी मी एकटी. त्यात 'पेड न्यूज', म्हणजे पैसे घेऊन बातमी म्हणून छापलेली जाहिरात, या विषयात महाराष्ट्राचं नाव आधीपासून मोठं. 2009 च्या निवडणुकांनंतर प्रेस कौन्सिलने परंजॉय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांची उपसमिती नेमली. तिने 71 पानांचा अहवाल दिला, आरोप असलेल्या वृत्तपत्रांच्या नावांसकट. कौन्सिलने जुलै 2010 मध्ये त्याऐवजी एक आटोपशीर अहवाल बाहेर काढला. मूळ अहवाल कौन्सिलच्या संकेतस्थळावर यायला 2011 उजाडलं, तेही केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशाने. माध्यमांच्या पारदर्शकतेवरचा अहवाल माहिती अधिकारातून बाहेर काढावा लागला, हे मला अजूनही पचलेलं नाही.

तर, पेड न्यूज हा कायद्यात अजून स्वतंत्र निवडणूक गुन्हा नाही. विधी आयोगाने 2015 मध्ये तशी शिफारस केली, ती तशीच पडून आहे. म्हणून वाट उरते ती खर्चाची. विकत घेतलेली बातमी ही जाहिरातच, तेव्हा तिचा खर्च उमेदवाराच्या हिशेबात धरा, असं जिल्ह्याच्या माध्यम देखरेख समितीकडे मागायचं. 2019 मध्ये विधानसभेच्या उमेदवाराला 28 लाखांची मर्यादा होती. खर्च काढायचा तर बातमीचं क्षेत्रफळ लागतं, कारण सरकारी जाहिरात दर चौरस सेंटीमीटरवर असतो. आणि ई-पेपरवर पट्टी लावून काही उपयोग नाही, पान स्क्रीनवर हवं तेवढं लहानमोठं होतं.

मी मराठवाड्यातली. घरी फोन केला, "बाबा, पंधरा दिवस रद्दीवाल्याला काही देऊ नका." बाबा रोज संध्याकाळी माझ्या जुन्या कंपासपेटीतली पंधरा सेंटीमीटरची पट्टी घेऊन जमिनीवर बसायचे, मापं घ्यायचे आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचे: "पान 3, रुंदी 16.2, उंची 21, फोटोसकट." कोपऱ्यात आईचा शेरा, "चहा गार झाला." तिसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला. दोन वेगवेगळ्या दैनिकांत एकाच उमेदवाराच्या पदयात्रेची बातमी, शब्दन् शब्द तीच, 'जनसागर लोटला' सकट, फक्त वार्ताहर वेगळे. मास्तरकी केलेला माणूस, कॉपी पकडण्यात हातखंडा. एका पानावर तर दोन प्रतिस्पर्धी उमेदवार शेजारी शेजारी 'प्रचंड मतांनी' निवडून येत होते.

या वेळी मुदत चुकवली नाही. समितीच्या सांगण्यावरून निवडणूक निर्णय अधिकारी उमेदवाराला नोटीस देतो ती प्रकाशनापासून 96 तासांत, उमेदवाराला उत्तराला 48 तास, म्हणून आमची तक्रार मापं आणि कात्रणांसकट दुसऱ्या दिवशी ईमेलने गेली. उत्तर निकालानंतर आलं, दोन ओळींचं: मजकूर संपादकीय स्वरूपाचा आहे. संपलं. बाबांना वाईट वाटलं, मला तितकं नाही, कारण ती फाइल संस्थेच्या पुढच्या टिपणात पुरावा म्हणून लागली.

पैशाचं विचारलंत. मला महिना आठ हजार मिळायचे. दिल्लीच्या मुनीरका भागात तिघींत एक खोली, माझ्या वाट्याला साडेचार हजार भाडं. घरून मागवावे लागलेच. आता तर परिस्थिती आणखी तंग आहे, कारण परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या (एफसीआरए) 2020 च्या दुरुस्तीने परदेशी निधीतल्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 वरून 20 टक्क्यांवर आणली. बातम्या देणाऱ्या संस्थांना तर तो निधी घेताच येत नाही. अशा वेळी कात्री आधी इंटर्नच्या मानधनावर चालते. तरीही 'शिकायला मिळेल' एवढ्यावर पूर्ण वेळ राबवून घेणाऱ्या संस्थेला मी नाहीच म्हणेन. इतरांच्या शोषणावर बोलणाऱ्यांकडून तेवढी अपेक्षा ठेवायला हरकत नाही. निदान प्रवासखर्च, लेखी कामाचं स्वरूप आणि अहवालात तुमचं नाव, हे आधीच विचारून घ्या.

कुठे, हे तुमच्या आवडीवर. इंटरनेट आणि सेन्सॉरशिपचं काम आवडत असेल तर दिल्लीची इंटरनेट फ्रीडम फाउंडेशन बघा. 2015 मध्ये नेट न्यूट्रॅलिटीसाठी (इंटरनेटवर सगळ्या संकेतस्थळांना सारखी वागणूक) दूरसंचार नियामक ट्रायला दहा लाखांवर ईमेल गेले त्या मोहिमेतून ती उभी राहिली, आणि फेब्रुवारी 2016 मध्ये ट्रायने भेदभाव करणाऱ्या डेटा दरांवर बंदी घातली. तिथे कायदा वाचायची तयारी हवी. अमेरिकेत शिकायला जाणार असाल तर 2003 पासून काम करणारी 'फ्री प्रेस' नावाची संस्था आहे, ती कंपन्या, सरकार आणि पक्ष यांच्याकडून पैसे घेत नाही. फॅक्टचेक करणाऱ्या संस्था वेगळ्या. त्यांना या यादीत घालू नका, तिथलं काम बातमीदारीच्या जवळचं.

नोकरीला उपयोग? मी आज एका दैनिकात डेस्कवर, म्हणजे बातम्यांच्या संपादनात आहे. मुलाखतीत संपादकांनी बायोडेटातली त्या दोन महिन्यांची ओळ वाचून विचारलं, "म्हणजे तुम्ही आमच्यावर नजर ठेवणार का?" हसत होते, पण पूर्ण नाही. काही ठिकाणी ही ओळ आडवी येईल, हे धरून चाला.

अर्ज करताना प्रमाणपत्रांची चळत जोडू नका. तुमच्या जिल्ह्यातलं एक दैनिक घ्या, छापील, सलग सात दिवस. पहिल्या पानावर जाहिरात किती, बातमी किती, बायलाइन (बातमीवरचं बातमीदाराचं नाव) कोणाच्या, एवढं मोजून एक पान लिहा. जोडीला माहिती अधिकाराचा एखादा अर्ज, स्वतः केलेला. महाराष्ट्रात त्याला 150 शब्दांची आणि एकाच विषयाची मर्यादा आहे, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं. तेवढ्या शब्दांत नेमका प्रश्न विचारता आला तर निम्मी मुलाखत तिथेच झाली. आणि दिल्लीत राहायची वेळ डिसेंबर-जानेवारीत येणार असेल तर रजई घरूनच न्या.