भाड्याच्या घरात जुन्या मोझॅकच्या फरशीतून कुत्र्याच्या शूचा वास जातच नाही. दिवसातून दोनदा फिनेलनं पुसतो, पण पाऊस लागल्यापासून वास उलट वाढलाय. दोन महिन्यांनी घर सोडायचंय. काय करू?

आधी फिनेल बंद करा. फिनेलच्या वासात शू नेमकी कुठे मुरलीय ते तुमच्या नाकाला कळत नाही, आणि जागा सापडत नाही तोवर तुम्ही अख्खं घर पुसत बसणार. आम्ही तीन महिने हेच केलं. आमचा बंड्या सोसायटीच्या गेटपाशी सापडलेला गावठी. आला तेव्हा जेमतेम वर्षाचा होता, आणि प्रत्येक खोलीवर आपली सही करून ठेवायची त्याला हौस. मी फिनेलची बाटली घेऊन त्याच्या मागे. शेवटी घरात शूचाही नाही आणि फिनेलचाही नाही असा एक तिसराच वास बसला, सरकारी दवाखान्याच्या जिन्यात येतो तसा.

वास फरशीवर नसतो, फरशीच्या सांध्यात असतो. आपण बोळा फिरवतो तो वरून. मोझॅकच्या दोन लाद्यांमधलं व्हाइट सिमेंट पाणी पितं, लादीचं पॉलिश उडालेलं असेल तर लादीही पिते. शू तिथून खालच्या सिमेंट-वाळूच्या मालापर्यंत उतरते. ताज्या शूला फारसा वास नसतो. तिच्यातल्या युरियाचा बॅक्टेरिया अमोनिया करतात, तेव्हा डोळ्यांना झोंबणारा वास सुरू होतो. उन्हाळ्यात सांधे कोरडे पडले की हे काम थंडावतं, पावसाळ्यात हवेतला ओलावा लागला की पुन्हा चालू होतं. म्हणजे पावसानं वास वाढलेला नाही, आधीपासून होता तोच जागा झालाय.

तर जागा शोधा. नोटा तपासायला दुकानदार जांभळ्या उजेडाची छोटी टॉर्च वापरतात ना, ती ऑनलाइन मिळते. रात्री सगळे दिवे घालवून, पडदे ओढून, गुडघ्यांवर बसून भिंतीच्या कडेनं सरकत जायचं. वाळलेली शू फिकट पिवळट-हिरवट चमकते. कपड्यांच्या साबणाचे डागही चमकतात, पण ते निळसर पांढरे. शंका आली की नाक लावायचं. अक्षरशः फरशीला नाक लावायचं, लाजायचं नाही. खात्री पटली की खडूनं गोल करायचा. मला वाटलं होतं दोन-तीन जागा निघतील, नऊ निघाल्या. कपाटाचा पाय, बाल्कनीच्या दाराची चौकट, सोफ्याचा कोपरा हे अपेक्षित होतं. नववी देवघराच्या चौरंगाखाली होती. सासूबाई त्या गोलाकडे बघत बराच वेळ काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी देवघर भिंतीवर चढवायला सुतार हजर.

नर कुत्रा असेल तर फरशीबरोबर उभ्या जागाही बघा. तो पाय वर करतो, धार भिंतीवर जाते आणि ओघळ स्कर्टिंगच्या, म्हणजे भिंतीच्या तळाशी बसवलेल्या पट्टीच्या, मागे उतरतो.

आता साफ करायचं. पहिलं औषध साधं पाणी, आणि लोक नेमकं तेच वगळतात. सांध्यावर पाणी ओता, जुन्या टूथब्रशनं चर घासा, दहा मिनिटं तसंच राहू द्या. मग पुसू नका, टिपा. जुना टॉवेल चौपदरी घालून त्यावर उभं राहा. असं तीनदा. पहिल्या वेळी टॉवेल पिवळा निघेल. ऑनलाइन जो तो पाण्यानं न निघणाऱ्या युरिक ॲसिडच्या स्फटिकांची भीती घालतो, पण बहुतेक कुत्र्यांच्या शरीरात युरिक ॲसिडचं पुढे ॲलंटॉइन नावाचं द्रव्य होतं आणि ते युरिक ॲसिडपेक्षा पाण्यात कितीतरी जास्त विरघळतं. डाल्मेशियन जातीचं मात्र तसं नाही, त्यांच्या लघवीत युरिक ॲसिड बरंच उतरतं. तुमचा डाल्मेशियन नसेल तर पाण्यावर जरा भरवसा ठेवा. शिवाय फिनेलचा थर या धुण्यात निघून जातो. तो निघणं गरजेचं आहे, कारण पुढच्या औषधात बऱ्याचदा जिवंत बॅक्टेरिया असतात आणि फिनेल त्यांना मारतं.

पुढचं औषध म्हणजे एन्झाइम क्लीनर, शूतली घाण तोडून टाकणारा. पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळतो. लेबलवर एन्झाइम किंवा बॅक्टेरिया असं स्पष्ट लिहिलेलं हवं, नुसतं ‘ओडर रिमूव्हर’ असेल तर ते अत्तरच समजा. लोक हा फवारतात, दोन मिनिटांनी पुसतात आणि मग शिव्या घालतात. शू जितकी खोल गेली तितकं हेही खोल जायला हवं, आणि ओलं राहायला हवं. मी दुधाच्या रिकाम्या पिशव्या कापून, धुऊन, ओल्या सांध्यावर पसरायचे आणि कडांना चिकटपट्टी लावून रात्रभर ठेवायचे. गरम पाणी घालायचं नाही, एन्झाइम निकामी होतं. सकाळी पिशवी काढून पंख्याखाली आपोआप वाळू द्यायचं. ओलं असताना वास वाढतो, घाबरू नका. निकाल पूर्ण वाळल्यावरच बघायचा. बहुतेक जागा आमच्याकडे दुसऱ्या खेपेला सुटल्या, बाल्कनीच्या दाराशी मात्र चार खेपा लागल्या.

एन्झाइम मिळालं नाही तर केमिस्टकडचं हायड्रोजन पेरॉक्साइड. बाटलीवर २० व्हॉल्यूम लिहिलं असेल तर ते साधारण ६ टक्क्यांचं असतं, तेवढंच पाणी घालून ३ टक्के करायचं. हातमोजे घालायचे, लागेल तेवढंच बनवायचं, उरलेलं झाकण घट्ट लावून साठवायचं नाही. सांध्यावर खायचा सोडा भुरभुरून वर हे ओतलं की फेस येतो. अर्धा तास ठेवून टिपून घ्यायचं. आधी कोपऱ्यातल्या एका लादीवर करून बघा, रंगीत मोझॅक फिकट पडू शकतं. एन्झाइम आणि हे एकाच दिवशी नको, पेरॉक्साइड एन्झाइमची वाट लावतं.

व्हिनेगर मात्र घालू नका, लिंबूही नको. मी घातलं होतं. एका व्हिडिओत बाई अर्धं पाणी अर्धं व्हिनेगर ओतून हसत होती, तिची फरशी व्हिट्रिफाइड, म्हणजे भट्टीत भाजलेल्या टाइल्सची होती हे माझ्या लक्षात आलं नाही. मोझॅकमध्ये संगमरवराचे तुकडे आणि सिमेंट असतं, दोन्ही आम्लानं खाल्लं जातं. सोफ्याच्या डावीकडे ताटाएवढा मंद डाग आजही आहे, पाहुणे आले की त्यावर पायपुसणं टाकते. कोटा, शहाबादी, कडप्पा हे सगळे चुन्याचेच दगड, त्यांनाही तोच नियम. बाथरूमचं ॲसिड तर लांबच ठेवा. आणि ब्लीच शूवर कधीच ओतू नका. अमोनियाशी त्याची गाठ पडली की क्लोरामाइनचा वायू तयार होतो, श्वास कोंडतो. खिडक्या बंद असलेल्या फ्लॅटमध्ये हा खेळ नको.

वूडन लॅमिनेट कुणाकडे असेल तर पाणी ओतण्याचा वरचा प्रकार करू नका. जोडातून पाणी गेलं की आतला बोर्ड फुगतो. तिथे लगेच टिपणं एवढंच हातात, मुरलं असेल तर ती पट्टी बदलायची.

बाल्कनीच्या दाराची ती जागा चार खेपांनंतरही दमट दिवशी बोलायचीच. शेवटी गवंडी बोलावला. त्यानं स्कर्टिंगवर टकटक केलं, पोकळ आवाज आला, पटाशी घालून पट्टी उचकटली. मागचा माल काळपट, ओलसर, आणि वास असा की गवंडी स्वतः बाल्कनीत जाऊन उभा राहिला. सैल माल खरवडला, एन्झाइम मारलं, आठवडाभर उघडं ठेवून वाळू दिलं. मग पट्टी बसवून सांधे इपॉक्सीनं, म्हणजे घट्ट होणाऱ्या राळेच्या भरावानं, भरले. इपॉक्सी पाणी पीत नाही. दोन पावसाळे झाले, तो कोपरा गप्प आहे.

कुत्र्याकडेही बघा, नाहीतर हे सगळं दर महिन्याला करावं लागेल. त्याचं नाक आपल्यापेक्षा तीक्ष्ण, आपल्याला न येणारा वास त्याला येतो आणि तो तिथेच परत जातो. साफ केलेल्या जागी त्याची जेवणाची वाटी ठेवा, खातो तिथे तो सहसा शू करत नाही. तोंड दाबून शूत नाक घासायला लावणं हा प्रकार करू नका, तो फक्त लपून करायला शिकतो. बंड्याची नसबंदी केल्यावर सह्या बऱ्याच कमी झाल्या. आणि बाहेर जाऊन येणारा, शिकलेला कुत्रा अचानक घरात करायला लागला, पाणी जास्त प्यायला लागला, थेंब थेंब गळायला लागला तर फरशी राहू द्या, आधी डॉक्टर गाठा. मूत्रमार्गाचा संसर्ग असू शकतो, मधुमेह किंवा किडनीचं दुखणंही असू शकतं. लेप्टोस्पायरोसिस कुत्र्याच्या लघवीतून माणसाला होतो, तेव्हा त्याची लस वेळेवर द्या आणि हाताला जखम असेल तर हातमोज्यांशिवाय हे काम करू नका.

राहिला घर सोडण्याचा प्रश्न. पाणी, टॉवेल, एन्झाइम हे तुम्ही आजपासून करू शकता, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. दोन महिने भरपूर झाले. स्कर्टिंग उचकटायची वेळ आली तर मात्र मालकांना आधी फोन करा, फोटो काढून ठेवा आणि गवंड्याची मजुरी तुम्हीच द्या. नवा भाडेकरू आल्यावर त्यांना वास कळण्यापेक्षा आत्ता तुमच्याकडून कळलेला बरा, डिपॉझिटची बोलणी तेव्हा सोपी जातात. आणि घर दाखवायच्या दिवशी उदबत्ती, रूम फ्रेशनर काही लावू नका. लावलं की मालक पहिलं तेच हुंगतात.