एएलएम टूल निवडताय? सुरुवात इथून करा

एएलएम (ॲप्लिकेशन लाइफसायकल मॅनेजमेंट) म्हणजे सॉफ्टवेअरचं काम रिक्वायरमेंटपासून रिलीजपर्यंत एका जागी सांभाळणं. त्यासाठीचं टूल निवडायची जबाबदारी पहिल्यांदाच आली म्हणून घाबरू नका. फक्त जिरा, अझ्युर डेव्हऑप्स, गिटलॅब, पोलारियन या टूल्सच्या फीचर्सचा तक्ता मांडत बसू नका. जवळपास प्रत्येक रकान्यात 'हो' येतं आणि नवखे तिथेच अडकतात.

त्याऐवजी टीमची एकच खरी रिक्वायरमेंट (सॉफ्टवेअरने काय करायला हवं ते) घ्या आणि ट्रायलमध्ये ती शेवटपर्यंत चालवा: टास्क, कोडमधला बदल, टेस्ट केस, सापडलेला बग, रिलीज. मग उलटे या. त्या बगवरून मूळ रिक्वायरमेंट दोन-तीन क्लिकमध्ये सापडते का? एएलएमचा जीव या दुव्यांतच आहे. हे काम डेमो देणाऱ्याकडून करून घेऊ नका, तुमच्या डेव्हलपरला आणि टेस्टरला करू द्या. टेस्टरला विचारायचं हमखास राहून जातं.

आणखी दोन गोष्टी:

- डेटा बाहेर काढून बघा. सीएसव्हीत मजकूर येतो, पण दुवे, अटॅचमेंट आणि बदलांचा इतिहास बहुतेकदा मागेच राहतो.
- क्लाउड की स्वतःचा सर्व्हर, हे आधी ठरवा. जिराच्या सर्व्हर आवृत्तीचा सपोर्ट १५ फेब्रुवारी २०२४ ला संपला, तेव्हा त्यावर असलेल्या टीमना दुसरी सोय बघावी लागली.

वर्कफ्लो, म्हणजे टास्क सुरू होऊन संपेपर्यंतचा मार्ग, तीन-चार टप्प्यांचाच ठेवा. मी पहिल्या प्रकल्पात चौदा टप्पे केले होते. महिन्याभरात लोक एक्सेलवर परतले. कस्टम फील्ड, ऑटोमेशन यांना सध्या हातच लावू नका. एक खरा स्प्रिंट (टीमच्या कामाचा ठरावीक, छोटा कालावधी) टूलवर काढा आणि कुठे अडलं ते रोज लिहून ठेवा.