मेळघाटातले नरनाळा आणि गाविलगड दोन दिवसांत नीट पाहून होतात का?

तुम्ही विचारलंय, की पुण्याहून आई-वडिलांना घेऊन येताय, हाताशी फक्त शनिवार-रविवार आहे, तर जंगल सफारी, चिखलदऱ्याचे पॉइंट आणि दोन्ही किल्ले एवढं बसेल का. नाही बसणार. सफारी काढून टाका, पॉइंटही निम्मे गाळा, म्हणजे दोन्ही किल्ले आरामात होतात. मी अंजनगाव सुर्जीच्या बाजूचा शेतकरी. एकीकडे अकोट, दुसरीकडे परतवाडा, आमचं वावर मधात. पाहुणा आला की त्याला किल्ल्यावर न्यायचं काम माझ्याच गळ्यात पडतं, म्हणून सांगतो.

दोन्ही किल्ले मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात येतात, तेव्हा गेटवर नोंद करून, शुल्क भरूनच आत जायचं आणि अंधाराच्या आत बाहेर यायचं. पाणी आणि शिदोरी घरूनच न्या. भाकर-ठेचा उघड्यावर सोडायला बसू नका, वानरं टपलेली असतात.

शनिवारी नरनाळा करा. अकोल्याहून अकोट, तिथून शहानूर, आणि शहानूरहून गाडी थेट वर गडापर्यंत जाते, म्हणून आई-वडिलांसाठी हाच बरा. नरनाळा म्हणजे खरं तर तीन गड: मधला नरनाळा, आणि दोन बाजूंना जाफराबाद व तेलियागड. तिन्ही फिरायचा हट्ट धरू नका. शक्कर तलाव, राणी महाल आणि नऊगजी तोफ पाहिली तरी बास. पण महाकाली दरवाज्यापाशी मात्र तासभर द्या. पांढुरक्या दगडात कोरलेली कमळं, बाजूचे झरोके, वर अरबी लेख. फतेहउल्ला इमाद-उल-मुल्कानं तो १४८७ मध्ये बांधवला. हा माणूस मूळचा विजयनगरकडचा, कानडी हिंदू घरातला. लढाईत पोरवयातच कैद होऊन बहमनी राज्यात आला, वाढत वाढत वऱ्हाडचा सुभेदार झाला आणि १४९० मध्ये त्यानं आपली इमादशाही वेगळी काढली. तिची राजधानी एलिचपूर, म्हणजे आताचं अचलपूर. हे ठाऊक असलं की त्या दरवाज्यावर नजर रेंगाळते. नाहीतर लोक येतात, कमानीखाली फोटो काढतात आणि ‘वाघ कुठी दिसन?’ विचारत निघून जातात.

मुक्कामाला चिखलदऱ्याला जाताना अकोट-अंजनगाव-परतवाडा हाच रस्ता धरा. खरी गंमत या रस्त्यात आहे आणि ती सहसा कोणी सांगत नाही. अकोटच्या पश्चिमेला तेल्हारा तालुक्यात आडगाव आहे. २९ नोव्हेंबर १८०३ ला तिथं इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीनं (पुढं वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टन तो हाच) नागपूरकर भोसले आणि शिंदे यांच्या फौजेचा पराभव केला. सोळा दिवसांनी, १५ डिसेंबरला, गाविलगड पडला. १७ डिसेंबरला देवगावला दुसऱ्या रघूजी भोसल्यांशी तह झाला, आणि ३० डिसेंबरला दौलतराव शिंद्यांचा तह झाला तो आमच्या सुर्जी-अंजनगावला. एका महिन्यातला सगळा उलथापालथीचा कारभार एसटीच्या एका दिवसाच्या फिरतीत बसतो! देवगावच्या तहात वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेला, पण नरनाळा आणि गाविलगड हे दोन किल्ले आणि त्यांच्या भोवतालचा थोडा मुलूख तेवढा त्यांच्याकडे राहिला. म्हणून मी पाहुण्यांना दोन्ही किल्ले दाखवतो. एकच पाहिला तर गोष्ट अर्धी राहते.

रविवारी चिखलदऱ्याजवळचा गाविलगड, आणि सकाळीच. इथं माझी चूक सांगतो. माझे साडू पहिल्यांदा आले तेव्हा मी आधी भीमकुंड, मग वैराट, मग खव्याची दुकानं असं करत साडेचारला किल्ल्याशी पोचलो. गेटवरचे काका म्हणाले, ‘‘आता जाऊन का करता भाऊ? दिवस बुडाले आला.’’ तरी घुसलो, पहिला दरवाजा पाहून परत फिरलो. साडू अजून टोमणे मारतात.

गाविलगड कसा पडला ते डोक्यात ठेवून चाललात तर वाट समजते. दक्षिणेकडून, म्हणजे आमच्या मैदानाकडून, तो अंगावर येणारा कडा आहे, तिकडून चढणं अशक्यच. म्हणून इंग्रजांच्या कर्नल स्टीव्हन्सनची तुकडी डोंगरातून लांबचा वळसा घालून उत्तरेच्या लवादा गावाच्या बाजूला गेली. जड तोफा बऱ्याच ठिकाणी माणसांनी हातांनी ओढल्या. बाहेरच्या किल्ल्याच्या भिंतीला खिंडार पडलं, पण आत गेल्यावर मधे घळ, आणि पलीकडे आतल्या किल्ल्याचा तट शाबूत. मग कॅप्टन कॅम्पबेलची तुकडी शिड्या लावून तटावर चढली आणि तिनं आतून दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंग लढताना पडला. ती घळ आजही तशीच आहे. तिच्या काठावर उभं राहून समोरचा तट पाहा.

बाकी दिल्ली दरवाजा, जामा मशीद, देवतलाव हे ओघात होतं. मशिदीपर्यंत चढउतार आहे, वडिलांचे गुडघे दुखत असतील तर त्यांना पहिल्या दरवाज्याच्या सावलीत चटई टाकून बसवा. एकटं मात्र सोडू नका, शेवटी वाघाचं जंगल आहे. कमानीत आग्यामोहोळ असतं, तिथं धूर आणि आरडाओरडा नको.

दिवाळीनंतर ते फेब्रुवारी या दिवसांत या. पावसाळ्यात चिखलदऱ्याला गर्दी आणि धुकं, दगड शेवाळलेले. मे महिन्यात तर आमचेच लोक दुपारी घराबाहेर पडत नाहीत. आणि घाटात आईंना मागच्या सीटवर बसवू नका, पुढे बसवा.