पहिली जीप बॅन्टमची

पहिली जीप विलीसची की फोर्डची, आणि जुन्या फोटोतली गोल मडगार्डांची ती गाडी कोणाची, असं तुम्ही विचारलंय. दोन्ही ठिकाणी उत्तर बॅन्टम.

1940 च्या उन्हाळ्यात अमेरिकन लष्कराने 135 कंपन्यांना निविदा पाठवल्या. मागणी होती फोर-व्हील ड्राइव्हची, 80 इंची व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर), जेमतेम 1,300 पौंड वजनाची गाडी. पहिला नमुना 49 दिवसांत हवा होता. पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावची अमेरिकन बॅन्टम ही दिवाळखोरीच्या उंबरठ्यावरची छोटी कंपनी होती. तिने अभियंते कार्ल प्रॉब्स्टना बोलावलं आणि त्यांनी दोन-तीन दिवसांत आराखडे हातावेगळे केले! इंजिन कॉन्टिनेन्टलचं, अॅक्सल स्पायसरचे, म्हणजे बाजारात जे मिळेल ते जुळवून. 23 सप्टेंबरला प्रॉब्स्ट स्वतः ती गाडी चालवत बाल्टिमोरजवळच्या कॅम्प होलाबर्ड या लष्करी तळावर पोचले, तेव्हा मुदत संपायला अर्धा तास उरला होता. 1,300 पौंडांत मात्र ती बसली नाही. तेवढ्या वजनात अशी गाडी कोणालाच बसवता आली नसती.

पुढे जे झालं त्याचं मला आजही वाईट वाटतं. बॅन्टमला हजारो गाड्या झेपतील का, ही लष्कराची शंका खरीच होती. पण त्यासाठी बॅन्टमचे आराखडे विलीस आणि फोर्डला देऊन टाकले. नोव्हेंबरमध्ये विलीसची ‘क्वाड’ आणि फोर्डची ‘पिग्मी’ हजर झाली.

तरीही विलीस जिंकली ती निव्वळ नकलेवर नव्हे. विलीसचे अभियंते बार्नी रूस यांचं ‘गो डेव्हिल’ इंजिन 60 हॉर्सपॉवरचं होतं. बॅन्टमचं साधारण 45, आणि फोर्डने तर ट्रॅक्टरचं इंजिन बसवलं होतं. अडचण वजनाची होती, कारण नवी मर्यादा होती 2,160 पौंड. रूसनी इंजिन बदललं नाही, बाकीची गाडी हलकी केली. बोल्टचे जास्तीचे आटे छाटले, रंगाचासुद्धा एकच हात दिला. तिघांकडून 1,500-1,500 गाड्या घेऊन लष्कराने तपासल्या आणि 1941 च्या जुलैत 16,000 ची ऑर्डर विलीसला दिली.

आपण जिला जीप म्हणून ओळखतो तिचा चेहरा मात्र फोर्डचा. सपाट बॉनेट आणि जाळीच्या आत घेतलेले हेडलाइट पिग्मीवर आधी आले. फोर्डच्या गाडीच्या नावातलं ‘जीपी’ म्हणजे ‘जनरल पर्पज’ (सर्व कामांसाठीची) असं सर्रास सांगतात, ते चूक आहे. त्या सांकेतिक नावात ‘जी’ म्हणजे सरकारी काम आणि ‘पी’ म्हणजे 80 इंची व्हीलबेस.

बॅन्टमच्या वाट्याला शेवटी जीपमागे जोडायचे ट्रेलर आले. तिच्या पहिल्या 70 गाड्यांपैकी आठांची चारही चाकं वळत. त्या 70 मधली सातव्या क्रमांकाची गाडी अमेरिकेतल्या स्मिथसोनियन या संग्रहालय-संस्थेच्या संग्रहात आहे. तिचे फोटो मिळवून तुमच्या फोटोशेजारी ठेवा. मडगार्डं सोडली तर बाकीची ठेवण तीच दिसेल.