आधी वाच, मग विचार

अगं,

तुझा मेसेज रात्री दोनदा वाचला. तीन स्क्रीन भरून लिहिलंयस. सर म्हणतात रिसायटलला, तुझ्या एकटीच्या मैफिलीला, अमेरिकन संगीतकार हार्बिसनची मीराबाईची गाणी घे, रूममेट म्हणते जेक हेगी घे, तोही तिकडचाच संगीतकार, लोकांना आवडतं, आणि तुला वाटतंय की तू भारतीय दिसतेस म्हणून मीरा तुझ्या गळ्यात मारतायत. असेलही तसं. पण तीन स्क्रीनमध्ये वरचे सूर आले, पियानिस्टचे पैसे आले, साडी की गाऊन तेही आलं, कवितेची एक ओळ आली नाही गं.

वाचलीस का? म्हणजे पियानो बंद, नोटेशन बाजूला, उभं राहून मोठ्याने. आयपीएत, म्हणजे त्या उच्चारांच्या चिन्हांत, लिहून काढलंस ते वाचणं नव्हे.

माझ्या रिसायटलला मी संगीतकार कोपलंडची, अमेरिकन कवयित्री एमिली डिकिन्सनच्या कवितांवरची गाणी घेतली होती, १९५०ची, बारा आहेत. त्यात एक आहे, मला स्वर्गाबाहेर का ठेवलं, मी फार मोठ्याने गायले का, असं विचारणारं. आई सांगलीहून आली होती, शाळेत इंग्रजी शिकवायची, पण हॉलमध्ये अंधार केलेला त्यामुळे हातातला कागद वाचता येईना. नंतर म्हणाली, आवाज छान लागला, पण ती बाई भांडत होती की रडत होती? आठ महिने ते गाणं घासलं होतं मी, आणि मला उत्तर येईना. पुढे कित्येक वर्षांनी पुस्तक उघडलं तर कळलं की कोपलंडकडे जुन्या, संपादकांनी हात फिरवून गुळगुळीत केलेल्या कविता होत्या, डिकिन्सनचे ते डॅश पुसलेले, मृत्यूच्या गाडीवरच्या गाण्यात तर अख्खं एक कडवं नाही. तिच्या मूळ रूपातल्या कविता १९५५ला छापून आल्या. कोपलंडचा इलाज नव्हता, माझा होता.

तू म्हणशील सोप्रानोचे, आपल्यासारख्या उंच आवाजाच्या बायकांचे, शब्द वर कळतच नाहीत. बरोबर, वरच्या फा सुराच्या पुढे तोंडाचा रेझोनन्स, म्हणजे पोकळीतली घुमणी, सुराच्या खाली राहते, ई काय नि ऊ काय, सगळं आ कडे जातं, तिथे कोणाचंच काही चालत नाही. पण म्हणूनच वर जायच्या आधी ऐकणाऱ्याला कळलेलं असलं पाहिजे की ही बाई कुठे निघालीय, आणि ते तुलाच माहीत नसेल तर? म्हणून वाच म्हणतेय. यशवंत देव शब्दप्रधान गायकी म्हणायचे ते काय फक्त भावगीतापुरतं होतं?

आता मीरा. 'लियो गोविंदो मोल' तू लहानपणापासून ऐकलंयस आणि तीच अडचण आहे. हार्बिसनने १९८२मध्ये सहा गाणी केली ती अमेरिकन कवी रॉबर्ट ब्लायच्या इंग्रजी रूपांतरांवर, ती मीरा आजीच्या देव्हाऱ्यातली नाही. बाजारात गेले, ढोल वाजवत घेतला, तराजूत तोलून घेतला, तुम्ही म्हणता महाग पडला, मी म्हणते स्वस्त. ही बाई हात जोडून उभी नाहीये, बायकांशी हुज्जत घालतेय! तू तिथे भजनाचा गोडवा आणशील, एखादी मुरकीही टाकशील, आणि सगळे वा वा करतील. नको. ब्लायचं इंग्रजी वाच, मोठ्याने, तुझ्या तोंडात ती भांडकुदळ बाई येईपर्यंत.

लोक म्हणतात मला ऑपेरा जमला नाही म्हणून मी गाणी धरून बसले. एका ठिकाणी कोरसमध्ये घेत होते, मी नाही म्हटलं. चाळीस जणींत उभं राहून शब्द कोणाला ऐकू जाणार होते? चूक असेल, पैशाच्या दृष्टीने तर होतीच, घरभाडं भरायला वीस वर्षं लहान मुलांना पियानो शिकवला. पण आज परत विचारलं तरी नाहीच म्हणेन. हे तुला का सांगतेय कुणास ठाऊक.

तर सरांनी मीरा का दिली ते त्यांना तोंडावर विचार, घाबरू नकोस, पण आधी वाच, नाहीतर ते सांगतील ते बरोबर की चूक हेही तुला कळणार नाही. हेगी घेतलीस तरी तेच, त्यानेही डिकिन्सन घेतलीय, तिथेही सुटका नाही.

रविवारपर्यंत मला सहाही कविता व्हॉइस नोटवर पाठव. गाऊ नकोस. सर्दी असली तरी चालेल.

मावशी